मोटारीचा ब्रेक : थोडक्या खर्चात सुधारणा

बंगळूर शहरातील मोटारीला एकाच आठवड्यात दोन निरनिराळ्या प्रकारची कामे करावी लागतात. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती होसूर रस्त्यावर किंवा सिल्क बोर्डाच्या चौकात रांगेत उभी असते. दहा पावले पुढे जावे, थांबावे, पुन्हा दहा पावले जावे, असा तिचा क्रम असतो. रविवारी पहाटे तीच मोटार घरातील चारपाच माणसांना घेऊन देवनहळ्ळीच्या वाटेने नंदीदुर्गाकडे निघते. हा डोंगर शहरापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असून त्याचा माथा समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच आहे. चढताना इंजिनाची कसोटी लागते हे सर्वांनाच ठाऊक असते. उतरताना कसोटी लागते ती ब्रेकची. परंतु तिची आठवण सहसा उशिरा होते. पायथ्याजवळ येता येता पुढच्या चाकांतून करपल्याचा वास येऊ लागतो, पेडल नेहमीपेक्षा खोल जाते, आणि मोटार थांबावयास हवी तेथे न थांबता चार हात पुढे जाऊन थांबते. मग सोमवारी मोटारीचा मालक ब्रेक सुधारून घेण्याच्या विचाराने जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजे ज्याला सारे शहर जे. सी. रोड म्हणते त्या सुट्या भागांच्या बाजारात, जातो.

तेथे त्याला पुष्कळ वस्तू दाखविल्या जातात. छिद्रे पाडलेल्या चकत्या असतात, खाचा पाडलेल्या असतात, लाल रंग दिलेले कॅलिपर असतात, ‘शर्यतीचे’ म्हणून विकले जाणारे पॅड असतात. खिशातील पैसे मात्र मोजकेच असतात. अशा वेळी प्रथम कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये, या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या फळीवर सापडत नाही. ते पदार्थविज्ञानाच्या अगदी साध्या नियमांत सापडते.

ब्रेक म्हणजे उष्णता निर्माण करणारे यंत्र

चालत्या मोटारीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. ब्रेक ही ऊर्जा नाहीशी करीत नाही. घर्षणाच्या योगे तिचे उष्णतेत रूपांतर करतो. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला थांबविताना सुमारे ४२ हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट केला, म्हणजे ६० वर नेला, तर ही उष्णता दुप्पट न होता चौपट होते : सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल. ताशी १०० किलोमीटरला हाच आकडा ४ लाख ६३ हजारांवर जातो. इतक्या उष्णतेने जवळजवळ दीड लिटर थंड पाणी उकळीला येईल. म्हणजे महामार्गावर एकदा जोराने ब्रेक लावणे आणि चहाचे मोठे पातेले उकळणे यांत उष्णतेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक एवढाच की ब्रेकला हे काम चार सेकंदांत उरकावे लागते.

ही उष्णता जाते कोठे? ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या दोन चाकांना सुमारे ७० टक्के काम करावे लागते. लहान मोटारीच्या पुढच्या चाकातील बिडाची चकती साधारण चार किलोग्रॅम वजनाची धरली, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा थांबताना दोन्ही चकत्यांचे तापमान सुमारे ८४ अंश सेल्सियसने वाढते. हे काही विशेष नव्हे. वाऱ्याने चकती निवते आणि पुढच्या वेळेसाठी तयार होते.

आता नंदीदुर्गाचा हिशेब पाहू. माथा आजूबाजूच्या पठारापासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून आपली १,२०० किलोग्रॅमची मोटार खाली आणावयाची, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी खर्ची पडली पाहिजे. ताशी ६० वरून पस्तीस वेळा लागोपाठ थांबण्याइतके हे काम आहे. अठरा लिटरची पाण्याची बादली यात उकळेल. हे सर्व काम केवळ ब्रेकने केले आणि चकत्या मुळीच निवल्या नाहीत असे धरले, तर गणिताने त्यांचे तापमान हजार अंशांपलीकडे जाते. प्रत्यक्षात वारा, टायरांचे घर्षण आणि इंजिनाचा रोध यांमुळे तसे होत नाही. तथापि, जो चालक दुसऱ्या गिअरऐवजी चौथ्या गिअरमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे गिअर सोडून, पेडलवर सतत पाय ठेवून उतरतो, तो या भयंकर आकड्याच्या दिशेने आपल्या हाताने चालला आहे एवढे खरे. १७९१ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने या किल्ल्यावर तोफा चढविल्या, तेव्हा अडचण चढावाची होती. आज रविवारच्या सहलीची अडचण उताराची आहे.

तेव्हा ब्रेकची पहिली सुधारणा फुकट आहे : ज्या गिअरने चढ चढलो त्याच गिअरने उतरावे, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ चांगला दाबावा व सोडावा, म्हणजे मधल्या वेळात चकत्यांना निवावयास अवसर मिळतो.

थांबविते कोण?

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. मोठी चकती बसविली की मोटार कमी अंतरात थांबते, असे बहुतेकांना वाटते. परंतु मोटारीला अखेर थांबविते ते ब्रेक नव्हे, टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षण होय. ब्रेकचे काम चाक अडविण्याचे. तुमच्या मोटारीचे आजचे ब्रेक जर ताशी ६० किलोमीटर वेगात चाक पूर्णपणे अडवू शकत असतील, किंवा ज्या मोटारींत चाक अडकू न देणारी ए. बी. एस. यंत्रणा आहे तीत ती यंत्रणा पेडलखाली थरथर करून जागी होत असेल, तर टायर देईल तेवढा रोध तुम्ही आधीच वापरीत आहात. याहून बळकट ब्रेक बसवून थांबण्याचे अंतर तसूभरही कमी होणार नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षण-गुणांक सुमारे ०.८ धरला, तर ताशी ६० वरून मोटार सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. रस्ता ओला असून गुणांक ०.५ वर आला, तर याच मोटारीला २८ मीटर लागतात. हा दहा मीटरांचा फरक कोणत्याही पॅडने भरून येत नाही. खोल नक्षी असलेल्या चांगल्या टायरने त्यातील काही भाग भरून येऊ शकतो. बंगळुरात सायंकाळचा पाऊस अचानक येतो आणि पहिल्या सरींबरोबर रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून निसरडा लेप तयार होतो, हे तेथील चालकांना वेगळे सांगावयास नको. ज्याचे टायर गुळगुळीत झाले आहेत, त्याने चकत्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे टायरांवर खर्च करावेत, असे स्पष्ट सांगितले पाहिजे.

यात आणखी एक फसगत होते. नव्या पॅडचा घर्षण-गुणांक जुन्यापेक्षा थोडा अधिक असेल, तर तेवढ्याच रोधासाठी पाय कमी दाबावा लागतो. चालकाला वाटते, ब्रेक सुधारला. वस्तुतः त्याच्या पायाचे कष्ट कमी झाले. थांबण्याचे किमान अंतर होते तेवढेच राहिले. पायाचे कष्ट कमी होणे हीही सोय आहे, पण तिला सोयच म्हणावे.

मग चांगले पॅड आणि चांगली चकती यांपासून मिळते काय? उष्णता सोसण्याची शक्ती मिळते. पहिल्या वेळी जेवढा रोध मिळाला तेवढाच दहाव्या वेळी, विसाव्या वेळी मिळावा, ही ती गोष्ट. नंदीदुर्गाच्या शेवटच्या वळणावर हिचीच गरज असते. सिल्क बोर्डाच्या चौकात हिचा काही उपयोग नाही.

ज्याला तेल म्हणतात ते

पेडलचा दाब चाकापर्यंत जो द्रव पोचवितो त्याला कारखान्यांतून ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, परंतु तो तेल नव्हे. तो ग्लायकॉल-ईथर जातीचा द्रव असतो आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ओलावा हळूहळू आत जातो, आणि जसजसे पाणी वाढते तसतसा द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० अंश एवढीच हमी उरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ चे २६० आणि १८०.

तापलेल्या पॅडमागे कॅलिपरमध्ये असलेला द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि शेवटी फळीला टेकते, तरी चाकाला काही कळत नाही. थोड्या वेळाने सारे निवले की पेडल पूर्ववत होते, आणि कारखान्यात मोटार नेली तर ‘काही दोष नाही’ असे उत्तर मिळते. घाटात ‘ब्रेक फेल’ झाल्याच्या कित्येक हकीकतींमागे एवढेच कारण असते, आणि ते दूर करावयास सर्वांत कमी खर्च येतो.

अर्धा लिटर डॉट ४ चा डबा काही शे रुपयांत मिळतो. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावयास सांगतात. आपल्याकडे मात्र तो पातळी कमी झाली तरच आठवतो आणि वरून ओतला जातो. जुना द्रव चारही चाकांकडून काढून, नळ्यांतील हवा पूर्णपणे घालवून, सीलबंद डब्यातील नवा भरावा. उघडून ठेवलेला डबा वापरू नये. त्याने शेल्फावर बसल्या बसल्या आपले पाणी पिऊन घेतलेले असते. मोटारीच्या टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली आहे तिच्यापेक्षा हलकी प्रत घालू नये. डॉट ५ हा मात्र सिलिकोनचा निराळाच द्रव आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून तो इतरांत मिसळणे चुकीचे ठरेल. द्रव रंगावर सांडला तर रंग सोडवितो, तेव्हा लगेच पाण्याने धुवावा.

जोड्याच्या चामड्यापासून काजूच्या टरफलापर्यंत

आता पॅडकडे वळू. थोडक्या खर्चात ब्रेक सुधारण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने एका गावी चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याचा हाच आरंभ समजला जातो. पुढे इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड याने पाहिले की उतारावर घोडागाड्यांचे ब्रेक लागावेत म्हणून गाडीवान ठोकळ्यांवर जुन्या जोड्यांचे तुकडे बांधतात. त्यावरून त्याने १८९७ साली चांगल्या अस्तराच्या शोधाला प्रारंभ केला, आणि आपल्या नावाची अक्षरे फिरवून व त्यांत एक अक्षर घालून मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. मुंबईतील घाटकोपरचा हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना पुष्कळांच्या स्मरणात असेल. ती कंपनी पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाली.

फ्रूडच्या काळापासून पुढे अनेक दशके या अस्तरांत अस्बेस्टस वापरले गेले. ते उष्णता सोसते, स्वस्त असते; परंतु त्याची सूक्ष्म तंतुमय धूळ फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग निर्माण करते, हे निर्विवाद ठरले, आणि युरोपीय संघात २००५ पासून त्याचा वापर बंद झाला. पॅडच्या खोक्यावर ‘अस्बेस्टसविरहित’ असे लिहिलेले पाहूनच पॅड घ्यावेत. जुन्या मोटारीचे चाक काढल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची रीत कारखान्यांत सर्रास दिसते. ती बंद करून ओल्या फडक्याने धूळ पुसून घेण्यास मालकाने आग्रहाने सांगावे. प्रश्न कामगाराच्या छातीचा आहे.

आजच्या पॅडमध्ये दहावीस पदार्थ असतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारे फिनॉलजातीचे राळ हे बेकलँडने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधलेल्या बेकेलाइटचेच भावंड. बळकटीसाठी पोलादाचे किंवा ॲरामिडचे तंतू, वंगणासाठी ग्रॅफाइट, आणि भरण म्हणून बराइट हे जड खनिज घालतात. या खनिजाचा मोठा साठा आंध्र प्रदेशात मंगमपेटा येथे आहे. आणखी एक घटक कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. काजूच्या बीचे टरफल फोडताना जो दाहक चीक हाताला लागून कातडी सोलवटते, त्या तेलापासून घट्ट राळ बनवितात व त्याची भुकटी पॅडमध्ये घालतात. ती भुकटी घर्षण सम ठेवते आणि ब्रेकचा आवाज कमी करते. काजूगर ताटात जातो आणि टरफलाचा चीक मोटारीच्या चाकात!

या घटकांच्या प्रमाणावरून पॅडच्या जाती पडतात. धातूविरहित सेंद्रिय पॅड मऊ, मूक आणि थंड असतानाही चांगले धरणारे असतात, परंतु फार तापले की त्यांतील राळ विघटित होऊ लागते, पृष्ठभागावर वायूचा व मऊ पदार्थाचा थर येतो, आणि पेडल कठीण राहूनही मोटार थांबत नाही. द्रव उकळल्यावर पेडल मऊ पडते. पॅड थकल्यावर पेडल कठीण राहते, पण धार जाते. हा भेद लक्षात ठेवला तर दोष कोठे आहे हे चालकाला स्वतःच ओळखता येईल. पोलादी तंतूंचे प्रमाण अधिक असलेले अर्धधातू पॅड उष्णता अधिक सोसतात. त्यांचा आवाज होतो, धूळ पडते आणि चकती लवकर झिजते. ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे पॅड स्वच्छ व शांत असतात, पण महाग. शर्यतीचे पॅड मात्र बंगळूरच्या मोटारीला सर्वांत निरुपयोगी. ते शेकडो अंश तापल्यावरच नीट धरतात, आणि आठवड्यातील सहा दिवस ताशी वीस-तीस किलोमीटरने चालणाऱ्या मोटारीचे ब्रेक तितके तापतच नाहीत. पादचारी अचानक समोर आला त्या क्षणी पॅड थंडच असतो.

पुष्कळ पॅडांच्या कडेवर किंवा पाठीवर आकड्यांच्या ओळीच्या शेवटी इंग्रजी लिपीत दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील व दुसरे अधिक तापमानातील घर्षण-गुणांक दर्शविते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-एफ’ असे असेल तर तापल्यावरही गुणांक त्याच पट्ट्यात राहतो. ‘एफ-ई’ असेल तर तापल्यावर घसरतो. ही चाचणी लहानशा नमुन्यावर होते, तेव्हा तिला गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजू नये. तरीही, कुटुंबाच्या मोटारीसाठी मोटार-उत्पादकाच्या प्रतीचा, नामांकित भारतीय कारखान्याचा ‘एफ-एफ’ पॅड घ्यावा, हा सल्ला सहसा चुकणार नाही. चेन्नईच्या ब्रेक्स इंडियाची स्थापना १९६२ ची, राणे ब्रेक लायनिंगची १९६४ ची. या क्षेत्रात आपण नवखे नाही. खुद्द बंगळुरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या फाउंड्री व फोर्ज विभागात विमानांचे ब्रेक पॅड तयार होतात. जे. सी. रोडवर खरी भीती असते ती नकली मालाची. खोक्याची छपाई, पॅडच्या पाठीवरील ठसा आणि दुकानदाराचे रीतसर बिल या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल नाकारणाऱ्याकडून ब्रेकचा माल घेऊच नये.

चकती केव्हा बदलावी

चकतीच्या ब्रेकचे स्वामित्वपत्र फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच मिळविले होते. त्याने तांब्याचे पॅड वापरले आणि त्यांचा कर्कश आवाज लोकांना सहन झाला नाही. पुढे १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वारने विजय मिळविला, तेव्हा सर्वांचे लक्ष पुन्हा तिकडे गेले. आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि फियाट ११०० या मोटारींनी दीर्घकाळ ड्रमवरच दिवस काढले. ड्रम तापला की प्रसरण पावून आतील शूपासून दूर जातो. चकती तापली की फुगून पॅडकडेच येते, आणि वाऱ्याला उघडी असल्याने लवकर निवते. एवढ्या दोन गोष्टींतच तिचे श्रेष्ठत्व आहे.

चकतीची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजून जाडी त्या मर्यादेवर आली असेल, तर ती बदलणे हाच मार्ग. पातळ चकतीत लोखंड कमी, म्हणजे उष्णता साठविण्याची जागा कमी. चकत्या नेहमी एका धुऱ्यावरील दोन्ही बदलाव्यात. एकच बदलली तर मोटार ब्रेक लावताना एका अंगाला ओढते.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते, तेव्हा ‘चकती वाकली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. बिडाची चकती सहसा वाकत नाही. तिच्यावर पॅडचा पदार्थ कोठे जाड, कोठे पातळ बसलेला असतो, किंवा ती असमान झिजून जाडीत मिलिमीटरच्या शतांशांचा फरक पडलेला असतो, किंवा हबच्या तोंडावर गंज राहून ती तिरकी बसलेली असते. जाडी पुरेशी शिल्लक असेल तर लेथवर दोन्ही बाजू अगदी थोड्या तासून घेतल्याने काम भागते, आणि नव्या जोडीचे पैसे वाचतात. हबवरील गंज तारेच्या ब्रशने साफ करणे आणि चाकाचे नट तिरक्या क्रमाने, सारख्या जोराने आवळणे यांना तर काहीच खर्च नाही.

छिद्रे पाडलेली चकती दिसावयास आकर्षक असते. परंतु प्रत्येक छिद्र म्हणजे काढून टाकलेले लोखंड, आणि वारंवार तापून निवल्यावर भेगा छिद्रांच्या कडांपासूनच सुरू होतात. खाचांमुळे पाणी व धूळ पुसली जाते हे खरे; कुटुंबाच्या मोटारीत त्या लाभासाठी पॅडची झीज पत्करावी असे आम्हांस वाटत नाही. साधी, सपाट, पूर्ण वजनाची चकती हीच मोजक्या खर्चात सर्वांत चांगली.

ज्या मोटारीला भरीव चकत्या आहेत तिला पोकळ, म्हणजे मध्ये हवा खेळणाऱ्या, चकत्या बसविता येतील का, असे पुष्कळजण विचारतात. पोकळ चकती जाड असते. ती जुन्या कॅलिपरमध्ये मावत नाही. त्याच नमुन्याच्या वरच्या प्रतीच्या मोटारीत कारखान्यानेच पोकळ चकती दिली असेल, तर तिची चकती, कॅलिपर व कॅलिपरचा पाया हे सर्व एकत्र बसविता येणे शक्य असते. मात्र कॅलिपरमधील पिस्टन मोठे असले तर जुन्या मास्टर सिलिंडरने पेडल अधिक खोल जाते, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल बदलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार करण्यावर बंधने आहेत, हेही ध्यानात घ्यावे. चार पिस्टनांच्या परदेशी संचाची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. त्याचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

बसविल्यानंतर

नवे पॅड बसविल्यावर मोटार जागेवरून हलविण्यापूर्वी पेडल कठीण होईपर्यंत अनेक वेळा दाबावे. कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात, आणि पहिल्या दोनतीन दाबांत ब्रेक मुळीच लागत नाही. कारखान्याच्या दारातच भिंतीवर आदळलेल्या मोटारी याच विस्मरणाच्या बळी असतात. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील द्रव वर येतो, तो बाहेर सांडत नाही ना हे पाहावे. कॅलिपरच्या सरकत्या खिळ्या साफ करून त्यांवर ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावावे. एक खीळ अडकली तरी आतला पॅड झिजून जातो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. पॅडच्या तोंडाला मात्र ग्रीसचे बोटही लागू देऊ नये.

नंतर पॅड आणि चकती यांची ओळख करून द्यावी लागते. पॅडच्या पदार्थाचा अतिशय पातळ व सारखा थर चकतीवर बसला की घर्षण पूर्णत्वास येते. उत्पादकाने रीत दिली असेल तर ती पाळावी. दिली नसेल तर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठदहा वेळा वेग कमी करावा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक किलोमीटर चालवून चकत्या निवू द्याव्यात, आणि शेवटी ब्रेक न वापरता काही अंतर चालवावे. या दरम्यान मोटार पूर्ण थांबवू नये. थोडा वास येतो, तो नव्या पॅडचा असतो. बंगळुरात असा रस्ता सकाळी सहाच्या आत मिळाला तर मिळतो.

पुढच्या रविवारी नंदीदुर्गाच्या उतारावर पॅडची नवी धार पारखण्याचा मोह होईल. पहिले तीनशे किलोमीटर तरी तो आवरावा. उतरून पायथ्याशी आल्यावर चकत्या तापलेल्या असताना पेडल दाबून धरून उभे राहू नये. त्या जागी पॅडचा ठसा चकतीवर उमटतो, आणि थरथर पुन्हा सुरू होते. किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवून मग सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून थांबावे, आणि चहा घेईपर्यंत चाकांवर पाणी ओतू नये.